अधिक, शून्य, अधिक

मंगळवारी साडेसहाला, शेफील्डमध्ये,
कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरचा हीटर खडखडतो
आणि मी फळ्यावर लिहिते:
वाय बरोबर एक्सचा घन, वजा बारा एक्स, अधिक पाच.
सातजण मुकाट उतरवून घेतात.
आठवी, डोरीन मॅपलबेक, आधी चष्मा पुसते.
एकतीस वर्षं तिनं या गावाच्या टेकड्यांवरून बस हाकली.
आता गुडघा गेला. म्हणून गणित.

अवकलन.
हा शब्द मी पहिल्यांदा घरी नेला तेव्हा
आई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली होती,
अवकळा? कुणाला आली गं?
इथे हा विनोद कुणाला सांगू.
इथे मी एवढंच सांगते: घात खाली उतरवून गुणा,
वरून एक कमी करा,
आणि शेवटी एकटाच उभा आहे तो पाच, तो गाळा.
जे बदलत नाही त्याची इथे नोंद होत नाही.
(दर वर्षी या वाक्याशी खडू जरा अडखळतो.)

उरलं तीन एक्स वर्ग वजा बारा.
ते शून्याबरोबर मांडलं
की एक्स दोन, नाहीतर उणे दोन.

"म्हणजे तिथं बस थांबलेली असते?"
नाही डोरीन, बस चालूच असते.
फक्त त्या क्षणी ती चढत नाही, उतरतही नाही.
"हां हां," ती म्हणते,
"डॅशबोर्डवरचा चहा कपाच्या काठाशी सरळ होतो, तेव्हा."
अकरा वर्षं शिकवतेय.
माझी व्याख्या मी तिथेच पुसली.

शून्य मिळालं की सगळे पेन खाली ठेवतात.
थांबा.
शून्यावर उभं राहिलेल्याला कळत नाही
आपण माथ्यावर आहोत की तळाशी,
पायाला दोन्ही सारखंच लागतं.
पुन्हा अवकलन करा. सहा एक्स.
उणे दोनपाशी उणे बारा: माथा, उंची एकवीस.
दोनपाशी अधिक बारा: तळ. उणे अकरा.

लीड्सच्या घरातला एक रविवार आठवतो.
परसात चादरी वाळत होत्या.
आम्ही दोघं बोलत नव्हतो, भांडतही नव्हतो.
मला वाटलं, लागला एकदाचा तळ,
आता इथून वर.
तो माथा होता.
हे मला कळलं ते पुढच्या एप्रिलात,
खोकी बांधताना, चिकटपट्टीचं टोक नखानं शोधताना.

शेवटची पंधरा मिनिटं.
एक्स वजा एक, सगळ्याचा घन.
एकपाशी चढ शून्य. दुसऱ्यांदा काढला, तरी शून्यच.
कोपऱ्यातला इड्रिस म्हणतो, मिस, उत्तर चुकलंय.
चुकलं नाही. आता सूत्र गप्प बसतं
आणि आपल्याला आजूबाजूला बघावं लागतं:
एकच्या थोडं अलीकडे, थोडं पलीकडे.
अलीकडे चढ. पलीकडेही चढच.
माथा नाही, तळ नाही.
मग काय, मिस?
त्याला नाव आहे, मी नाव लिहिते,
पण कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटत नाही.

साडेआठला बाहेर पडतो.
डोरीन आणि मी एकाच चढाच्या,
पावलं मोजत, रेलिंग धरत.
अर्ध्यावर, निळ्या दाराच्या घरापुढे,
रस्ता चार-पाच फूट सपाट होतो आणि पुन्हा उभा राहतो.
तिथे ती थांबते, गुडघ्यावर हात ठेवून.
"इथं बर्फात बस सावरता यायची," म्हणते,
"सगळ्या रस्त्यात एवढीच जागा."
शेजारी थांब्याची काच, आमच्या श्वासानं धुरकटलेली.
ती हातमोजा काढते,
बोटानं काढते एक अधिक,
एक शून्य,
आणि तिसरं चिन्ह काढायच्या आधी
वर बघते, रस्त्याच्या टोकाकडे,
जिथे तिच्या स्वयंपाकघराचा दिवा ती विसरून आलीय.