फाट्यावरचा दोर

माह्यं पंक्चरचं दुकान फाट्यावर, लिंबाखाली.
दोघाईच्या गाड्या इथंच येऊन थांबते.
एक येते थे दोन शेतं आधीच आयकू येते,
दुसरी येते थे मांगं पाह्यलं तवा कळते.

गुणवंत काळमेघाची फियाट, चौऱ्याहत्तरची.
रंग दह्याच्या मडक्यासारखा,
गिअर स्टिअरिंगच्या बगलेत,
दार लावाले दोन हात आन् एक शिवी लागते.
आमचा खारपानपट्टा,
बोअरचं पानी जिभेले चावते.
गुणवंत घरी थेच पेते,
रेडिएटरले मात्र आरोची कॅन, वीस रुपयाची.
बायको म्हने,
एखांद्या दिवशी मलेही रेडिएटर समजा.

शैलेश ढोकाची बॅटरीवाली, मागच्या दिवाईची.
पांढरी, ठेंगनी, आत मोठा पडदा.
गुणवंत म्हने, "हे गाडी नाई बे, मोबाइल हाय.
चाकं लावले म्हून चालून राह्यला."
शैलेश म्हने, "आन् तुमची घरजावई हाय, काका.
उभ्या उभ्या खाते."

दर गुरवारी दर्यापूरचा बजार.
जो मांगं राह्यला थ्यानं आलूबोंडे द्याचे,
हिरव्या मिरच्यासंगं, मलेही दोन.
हिशेब माह्या फळीवर, खडूनं:
फियाट अकरा,
बॅटरी चौदा,
एक भांडनात.

काळ्या मातीचा रस्ता,
गिट्टी टाकली का महिन्यात लाटा येते.
फियाट त्याच्यावर डोंग्यासारखी डुलत जाते,
ढोकाची पोट घासते
आन् पडद्यावर लाल तिकोन पेटते,
कायचा, थे ढोकालेही मालूम नाई.

मे महिन्यात पारा शेचाळीसवर गेला
तवा शहानुरच्या पुलावर बॅटरीवाली बसली.
बसली म्हंजे बसलीच. पडदा काळा.
मले फोन आला, मी दोर घेऊन गेलो.
गुणवंत आधीच तिथं, काचा खाली,
तोंडावर असं हासू का उन्हालेही लाज यावं.
काही बोलला नाई. गाठ बांधली.
कपाशीच्या ओसाड वावरातून
म्हातारी पुढं, पोरगी मांगं,
बकऱ्या चारनारे पोट्टे उभे राहून पाहे.

दीड किलोमीटरवर फियाट उकळली.
कॅन रिकामी.
आन् त्याच टायमाले, काय थंडं झालं देव जाने,
पांढरीचा पडदा पेटला.
शैलेशही काही बोलला नाई.
उतरला, दोर सोडला, गाडी पुढं घेतली, गाठ बांधली.

फाट्यावर आले तवा दोघंही म्हने, मीच ओढलं.
मी फळीवर अर्धा अर्धा लिहला.
दोघाईनं एकमेकाचा पुसला.

परवा दुपारी शैलेश पान खायाले गेला होता.
गुणवंतनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं,
पांढऱ्या बोनेटवर तळहात ठेवला,
जसा गाभन म्हशीच्या पोटावर ठेवते.
लय वेळ ठेवला.
मंग मले हळूच म्हने,
"हिची धडधड कुठं असते बे, दौलत?"
मले का मालूम.
मी टूब पान्यात बुडवून बुडबुडे पाहत राह्यलो.

सध्या वाद वायला हाय:
दोर कोनाच्या डिक्कीत राहाचा.
गुणवंत म्हने माह्या, शैलेश म्हने माह्या,
गुरवार येते, गुरवार जाते.

दोर माहा होता.
मले कोनी इचारलंच नाई.