छाट

कन्ना चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याच्या खोलीत
सात ते साडेआठ इंग्लिश.
बिराजदार मॅडम फळ्यावर चार शब्द लिहितात
आणि चारींवर काट मारतात:
गुड. नाईस. टायर्ड. हॉट.
"झिजलेत हे. उद्यापासून वहीत दिसले तर बघा."
हॉट लिहायचं नाही, म्हणतात.
मे महिन्यात. सोलापुरात. पत्र्याखाली.

मला आईचा कारखाना आठवला.
सुपात हजार विड्या घेऊन ती रांगेत;
चेकर चिमटीत एकेक धरायचा, दाबायचा,
ढिली लागली की मोडून बाजूला.
छाट.
छाटेचे पैसे नाहीत.
पानं कमी पडली तर ती पदरची.

मी अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात, डिस्पॅचला.
परदेशच्या गिऱ्हाइकाला मेल लिहायचा तो मीच,
कारण बारावीला इंग्लिशमध्ये एकसष्ट.
सतरा वर्षं एकच वाक्य पाठवलं:
टॉवेल इज व्हेरी सॉफ्ट अँड व्हेरी गुड.
जुन्या मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून आला,
म्हणाला, "काका, व्हेरी किती वेळा?"
आणि क्लासचे बाराशे स्वतः भरले.

तर आता माझ्याकडे शब्द आहेत.
सॉफ्टला प्लश. सॉफ्टला फ्लफी, सिल्की, व्हेल्वेटी, सपल.
टॉवेलवर तळहात ठेवून एकेक बोलून बघतो,
धोटा नीट जातोय का अडतोय, ते कान सांगतो तसं.
प्लश बसतं. ओठ मिटतात, उघडतात
आणि शेवटाला श्वास पाणी टिपल्यासारखा जिरतो.
सपल नाही बसत. ते चामड्याचं असणार.

"काय पुटपुटताय?" मागावरचा रामलू.
सांगितलं. त्यानं टॉवेल गालाला लावला:
"मेत्तगा."
घडी घालता घालता शांतव्वा न बघताच म्हणाली,
"मेत्तगे."
त्याचं तेलुगू, तिचं कन्नड,
मध्ये एक काना, एक मात्रा.
मी आपला, मेलची भाषा सोडून, "मऊ" म्हणालो
आणि तिघं हसलो. कशाला, कोण जाणे.

गृहपाठ होता: टायर्डला पाच शब्द.
एक्झॉस्टेड. वेअरी. ड्रेन्ड. वर्न आउट.
पाचवा डिक्शनरीत भलत्याच पानावर सापडला,
थ्रेडबेअर.
थ्रेड मला ठाऊक, पोट त्यावरच आहे.
बेअर म्हणजे उघडा.
धुऊन धुऊन टॉवेलचे फंदे गळतात,
उभा आडवा धागा दिसायला लागतो, तेव्हाचं.
आपल्याकडे त्याची फरशी पुसायची होते.

"मॅडम, माणसाला चालतो का हा?"
त्या थांबल्या. खडू बोटांत फिरवला.
"नाही हो इराबत्ती. कापडाला चालतो.
फार तर सबबीला."
लाल काट.

घरी आलो तर आई उंबऱ्यात, पाय पसरून.
विडी सोडून सहा वर्षं झाली,
मांडीवर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही
आणि बोटं वळतायत.
झोपेतही वळतात.
अंगठ्याची कातडी इतकी गुळगुळीत
की रेशनच्या मशीनला ती कोण ते कळत नाही;
पोरगा दोनदा पुसतो, तिसऱ्यांदा म्हणतो,
घरातलं दुसरं कुणी पाठवा.

घरच्या तेलुगूत विचारलं, दमलीस का?
"कशानं? काय केलं मी दिवसभर?"

जेवण झाल्यावर वही काढली.
काट मारलेल्याच्या खालीच
तो शब्द पुन्हा लिहिला, जरा दाबून,
मागच्या पानावर उमटेल असा.
उद्या मॅडमनी मोडला तर मोडू दे.

मेलमध्ये मात्र प्लश.