कारणाचा रकाना

उद्यमनगरात, शेडच्या दारापाशी माझं टेबल.
व्हर्निअर, दोन गेज, लाल खडू.
सतरा वर्षं ओतीव माल हातात घेऊन
उजेडाकडे फिरवत आलेय.
सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी फुली.
फुली मारली की चिठ्ठी,
आणि चिठ्ठीत शेवटचा रकाना: कारण.
तो मोकळा सोडला तर मालक माघारी पाठवतो,
"मालनबाई, का ते लिवा."

एवढी सवय असून
राजारामपुरीच्या त्या गल्लीत,
जिथं दवाखान्यांच्या पाट्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात,
मी टेबलावर पाय वर बांधून पडले होते
आणि मला एक प्रश्न सुचला नाही.

"मुंगी चावल्यासारखं होईल," मॅडम म्हणाल्या.
पाच मिनिटांचं काम, त्याला भूल कशाला.
पोटाच्या आत कुणीतरी
गंजून बसलेला नट
थंड पान्यानं उलटा फिरवत होतं,
पाना निसटत होता,
पुन्हा लागत होता.
मी ओरडले.
सिस्टर म्हणाली, "दोन बाळंतपणं झाल्यात की ओ, एवढ्याला काय वरडताय?"
मी माफी मागितली.

दुखणं आठ दिवसांत गेलं.
ती माफी अजून आहे.

मग रिपोर्ट.
"पिशवी काढून टाकू. आता तिचं काय काम?"
गुरुवार दिला. रात्रीपासून उपाशी या.
बाळासोंनी मान हलवली, मीही हलवली,
पंखा तर हलतच होता.

माझ्या नणंदेची काढली चौतिसाव्या वर्षी.
पौषातल्या थंडीत उंबऱ्यावर बसते,
पातेल्याच्या झाकणानं वारा घेत.
कशासाठी काढली, विचारलं तर म्हणते,
"त्यास्नीच म्हाईत."

बुधवारी एक जॉब आला, सोबत ड्रॉइंग नाही.
पोरगा लेथवर चढवायला निघाला.
दस्तगीरचाचांनी त्याचं मनगट धरलं:
"आधी ड्रॉइंग मागव.
अंदाजानं कापलेलं लोखंड परत चिकटत न्हाई, बेटा."
चाचा पोराशीच बोलत होते.
मी मात्र खडू खाली ठेवला,
आणि एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहायला बसले.

गुरुवार. चिठ्ठी घामानं मऊ झालेली.
"मॅडम, गाठ केवढी?"
"आहे बऱ्यापैकी."
"किती मिलिमीटर?"
त्यांचं पेन थांबलं. कागद चाळले.
"अठरा."
अठरा मी डोळे मिटून बोटांनी ओळखते.
"गेल्या वर्षी?"
"सतरा."
"त्याच मशीनवर?"
"नाही, ती सोनोग्राफी दुसरीकडची."
"मग एक मिलिमीटर मशीनचाही असंल की."

बाळासो भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघत होते.

"तुमचा विश्वास नाही का माझ्यावर?"
आवाज चढला नव्हता त्यांचा. दमलेला वाटला.
बाहेर बाकावर अजून तीस जणी होत्या, मला माहीत होतं.
"हाय की. मालकावर बी हाय.
तरी मी मोजते."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग, "सहा महिने गोळ्या घेऊन बघता येईल."
हे गेल्या सोमवारीही बघता आलं असतं.
ते मी बोलले नाही, सगळंच एका दिवशी जमत नाही.
एवढंच म्हटलं, "काढायची म्हणत होता ते का, आणि आता थांबायचं ते का,
दोन्ही लिहून द्या."
त्यांनी लिहिलं.
मी कागद उजेडाकडे धरला.
"मॅडम, वाचता येईल असं."
त्यांनी परत लिहिलं, हळू,
पहिलीतल्या पोरीसारखं, एकेक अक्षर सुटं.

कदाचित सहा महिन्यांनी काढावीही लागेल.
अंगावरचं जाणं थांबलेलं नाही.
पण तेव्हा भूल कुठली, हेही चिठ्ठीत आहे.

जिन्यात बाळासो म्हणाले, "लई बोललीस आज."
म्हटलं, "रात्रीपास्नं उपाशी हाय. आधी खायला घाला."
कोपऱ्यावर कटवडा घेतला.
तिखटानं डोळ्यांत पाणी आलं,
ते मी पुसलं नाही.