चौकटीचा कोट

मे महिन्यातला रविवार, दुपारचे चार,
पत्रा कडकडणाऱ्या कॉलेजच्या हॉलमध्ये
आमच्या फिल्म क्लबनं लावला होता
एका फ्रेंच लेखकाचा जन्म, मरण आणि मधलं सगळं,
हातानं काढलेलं.
सव्वीस खुर्च्या भरल्या. त्यांतली एक नायनांची.

मीच आणलं त्यांना, अशोक चौकातून, रिक्षात घालून.
"कार्टून? या वयात?" म्हणाले,
तरी इस्त्रीचा सदरा घातला
आणि खिशात सवयीनं पेन्सिल.

पडद्यावर कालव्याकाठचं गाव.
कालव्याची दारं उघडणारा बाप.
शाईनं बोटं माखलेला पोरगा,
होड्यांना नावं देणारा, गावाला नावं ठेवणारा.
मी कानाशी लागून सांगत होते:
फ्रेंचखाली इंग्रजी, इंग्रजीचं माझ्या तोंडी तेलुगू,
अडलं की मराठी.
आता पॅरिसला निघालाय. आता पुस्तक कुणी घेईना.
आता बायको—
"गप," नायना म्हणाले. "दिसतंय मला."

मग बराच वेळ नुसता पंखा.
मागे कुणीतरी शेंगा फोडत होतं.
लेखकाचं नाव झालं, चौकटीचा कोट शिवला त्यानं,
आणि त्याच कोटात धावत सुटला
सुटलेल्या आगगाडीमागे.
तेवढ्यात नायना, मोठ्यानं:
"ए, चुकलं!"
पंचवीस माना वळल्या.
"कोटाला घडी पडली, चौकट नाही वळली.
कापड असं नसतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं.

बत्तीस वर्षं ग्राफ कागदावर
चौकोन रंगवलेला माणूस.
एक चौकोन म्हणजे एक भोक, एक भोक म्हणजे
एक धागा वर.
पुठ्ठ्याची पानं माळेत ओवून जकार्डवर चढवायची
आणि खाली, खडखडाटात, मोर उतरायचा.
त्या खडखडाटात उजवा कान गेला.
जकार्ड हे नाव फ्रेंच आहे, मला तेव्हा आठवलं.
डाव्या कानात सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

शेवटी लेखक म्हातारा झाला तेव्हा
चित्रकारांनी रंग काढून घेतला,
आधी कोटाचा, मग गालांचा,
मग उरली नुसती रेघ, कापरी,
जागोजाग सुटलेली.
टेबल, हात, हातात टाक,
टाक आणि कागदाच्या मध्ये बोटभर पांढरं.
नायना पुढे सरकले.
त्यांची बोटं मांडीवर चालत होती,
तुटलेला धागा शोधताना चालतात तशी.

दिवे लागले. माणसं उठली.
पडद्यावर नावं वर सरकत राहिली.
"ही कुणाची?"
"चित्रं काढणाऱ्यांची."
"सगळ्यांची?"
"रंग भरणाऱ्यांचीसुद्धा."
शिपायानं पंखे बंद केले.
एक अक्षर वाचता येत नव्हतं,
तरी घामाघूम होऊन त्यांनी मोजली: चारशे अकरा.
"चादरीच्या कोपऱ्यावर मिलचं नाव असतंय,
नंबर असतोय," म्हणाले,
चपला शोधत.

परतताना एसटी स्टँडपाशी उसाचा रस.
फलाटाच्या कडेला, अक्कलकोटच्या गाडीची वाट बघत
एक बाई निजलेली,
चादर अर्धी अंगाखाली, अर्धी अंगावर, कुशीत पोर.
विटका निळा. त्यावर मोर.
नायनांनी ग्लास खाली ठेवला.
मोराच्या तुऱ्यात तीनच काड्या.
चौथीचं भोक पाडायचं राहून गेलं होतं
माझ्या जन्माच्या रात्री,
आणि मग निघालेल्या हरेक चादरीत
तीनच.

बाईनं झोपेत गुडघा पोटाशी घेतला.
मोर वळला.

"बघ," नायना म्हणाले, "वळतंय."
आणि रसवाल्याला म्हणाले,
दुसऱ्यात बर्फ कमी घाल.