उभं पाणी

तीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारले,
हाताला ठोकायची सवय.
गाडीचा दांडाही तसाच ठोकला
दुसऱ्यात,
आणि एकशे सत्तर घोडे
मान झटकून जागच्या जागी उभे राहिले
शृंगारतळीच्या भर बाजारात,
कलिंगडवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर.

"अगो बाय," इसाक मुकादम म्हणाला,
"पार्सल नाय ता."

गाडी चिपळूणच्या एका ठेकेदाराची.
काळी, दोन लिटरची, टर्बो डिझेल.
फंडाचे पैसे मोडून घेतली.
वहिनी म्हणाली, या वयात?
निदान ऑटोमॅटिक तरी घ्यायचीस.
मी बोलले नाही काही.
मला तो दांडाच हवा होता.
हाताला काम हवं होतं
ज्यावर कुणाचं नाव नाही, पत्ता नाही.

इसाकने बावीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं,
धोपाव्याहून दाभोळ, दाभोळहून धोपावे,
तेवढीच खाडी.
आता गुडघे गेलेत, कान शाबूत.
मला काट्याकडे बघू देत नाही,
आकड्यांवर खांद्यावरचं फडकं टाकतो,
म्हणतो, "आयक."

ऐकते.
आधी गाडी नुसती पुटपुटते.
मग बारीक शीळ येते कुठूनशी,
आणि पाठीला तळवा लावून कुणी ढकलावं
तशी सीट अंगाला भिडते.
त्या ढकलण्याला भुलायचं नाही.
पाय सैल सोडत आणायचा, क्लच पुरा दाबायचा,
दांडा बाहेर काढायचा, बोटांनी, मुठीने नव्हे,
आणि मग

थांबायचं.

"व्हकाल सरता नि भरती लागता,
तेच्या मधी पानी उभा ऱ्हवता,"
इसाक हात आडवा धरून दाखवतो.
"बोट तवाच लावायची धक्क्याला."

मला ते पाणी सापडेना.
सतरा दिवस.
कधी आधी पोचले, कधी उशिरा,
क्लच प्लेटचा वास लाखेच्या कांडीसारखा,
विमा टपाल मोहरबंद करताना यायचा तसा.
पालशेतच्या उताराला
चौथ्यातून तिसऱ्यात आले न सांगता,
मागची चाकं किंचाळली, इसाकने कवळी काढून खिशात ठेवली.
"दुसऱ्याच्या घरात शिरताना
मानूस उंबऱ्याभायेर खाकरता का नाय?
तसा अॅक्सिलरेटर दे. जरासा.
मग खालती ये."

रात्री पलंगावर पडल्या पडल्या
डावा पाय दाबत होते,
उजवा उचलत होते,
चादर बिचारी सगळी गोळा.

आज आसगोलीहून त्याच्या लेकीने कालवण दिलं,
बांगड्याचं, पातेल्यात काठोकाठ.
त्याने झाकण काढून मागच्या सीटवर टाकलं,
पातेलं मांडीवर घेतलं.
विजार पांढरी.
"चल."

धोपाव्याच्या उतारावर रांग,
पुढे चिऱ्यांचा ट्रक, मागे सारखा हॉर्न.
अर्धा क्लच. पोटरी थरथरत होती,
गाडी नाही.
बोटीवर कुणी इसाकला सलाम केला,
त्याने पातेल्यासकट मान डोलावली.

दाभोळला फळी खाली पडली, लोखंड ओलं.
पहिला.
दुसरा, मला वाटलं लागलाच नाही.
तिसरा कधी पडला
ते हातालासुद्धा नंतर कळलं.

बाजूला पाहिलं:
कालवणावरचा तांबडा तवंग अख्खा,
इसाकचं डोकं काचेला टेकलेलं,
तोंड किंचित उघडं.
झोपला होता की तपासत होता, कोण जाणे.
त्याचं निळं फाटक आलं.
थांबायचं तर ब्रेक लागणार, पाणी हलणार.
नाही थांबले.
पुढे चढ.
खाकरले आधी, मग दुसऱ्यात उतरले,
तवंग एका बाजूला कलला, परत आला.

"घर गेला गो,"
डोळे न उघडता तो म्हणाला.

मी म्हटलं, ऐका.