नख पांढरं होईल इतकाच

खोबरेल गोठलंय.
पौषात अमळनेरला ते गोठतंच,
म्हणून हे बाटली बनियनच्या आत, काखेत धरून
बातम्या बघतात.
मी उजव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी,
पोलकं वर सरकवून, भिंतीकडे तोंड.
बत्तीस वर्षांच्या संसारात इतक्या उजेडात
मी अशी कधी पडले नव्हते.

हर्षदा बडगुजर म्हणाली होती
(माझ्या धाकट्यापेक्षा लहान, पण हात ठाम):
टाके सुकले, सहा आठवडे झाले, आता घाबरायचं नाही.
कातडी वरून बरी दिसते,
खाली मात्र ती मासाला चिकटून बसलीय.
तिला सरकायला शिकवायचं.
आधी गोल, मग आडवं,
मग चिमटीत धरून हळूच उचलायचं.
दोनदा, पाच-पाच मिनिटं.
दाब किती? नख पांढरं होईल इतकाच.
मग तिनं माझा हात मागे नेऊन पाहिला.
पोहोचेना.
घरात कोण असतं?
म्हटलं, आहेत.

आहेत, म्हणजे एसटी डेपोत तीस वर्षं घासलेला अंगठा.
लिंबानं धुतला तरी डिझेल सोडत नाही.
हाच अंगठा नाशिकला
फॉर्मवर थांबला होता.
कॅमेरा चालू. समितीतले डॉक्टर विचारत होते,
ताई, बहिणीला किडनी देताय,
तुमच्यावर कुणाचा दबाव?
म्हटलं, नाही.
मग ह्यांना: तुमची काही हरकत?
हे पंख्याकडे बघत राहिले.
शेवटी पेन असं दाबलं
की खालच्या कोऱ्या कागदावरही
नाव उमटलं.

त्यानंतर माझ्या बहिणीचा विषय घरात नाही.
कुणी नुसतं चोपडा म्हटलं
तरी हे टाकी भरली का बघायला उठतात.

पहिल्या दिवशी बोट टेकवलं आणि उचललं.
तव्याला लागल्यासारखं.
दुसऱ्या दिवशी टेकवून ठेवलं.
वीतभर जांभळी रेघ, बरगडीखालून पोटाकडे वळलेली,
सुतळीसारखी टणक.
आठवड्यानं म्हणाले, "आठे जाम शे."
तेवढंच. पान्यानं नट चाचपावा तसं
चाचपत गेले टोकापर्यंत,
आणि परत.
"दुखस का?"
"नई."

खरं तर मधल्या दोन बोटांच्या जागेत
मला काहीच कळत नाही.
तिथं अंगठा आहे की नाही
हे मी त्यांच्या श्वासावरून ओळखते
आणि बरोबर वेळेला नई म्हणते.
का सांगितलं नाही, कुणास ठाऊक.
इतकं करतात, त्यात एवढी जागा फुकट जातेय
असं कसं सांगायचं माणसाला?

फाल्गुनात तेल आपोआप पातळ झालं.
बाटली काखेत धरायचं कारण उरलं नाही,
तरी धरतात.
काल घड्याळात पाचाची आठ मिनिटं झाली.
बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.
श्वास थांबला, म्हणजे अंगठा मधोमध.
आणि हे बोलले,
मला नव्हे, त्या रेघेला बोलल्यासारखं:
"कोकिळा कशी शे आते?"

भिंतीवर पालीनं टाकलेला एक काळा ठिपका होता,
त्याच्याकडे बघत मी म्हटलं,
पाणी पिते. पोटभर. मोजून नाही आता.
"हं."
मग बराच वेळ नुसता हात चालला.
गोल. आडवा. चिमटीत.
एकदम म्हणाले, "सरकनी."
गिअर पडल्यावर म्हणावं तसं.

"दुखस का?"
या वेळी मी नई म्हटलं नाही.
म्हटलं, तिथं मला काही कळतच नाही हो.
पहिल्यापासून.
ते गप्प.
उठतील, टाकी बघायला जातील, असं वाटलं.
म्हटलं, तरी असू द्या तिथंच थोडा वेळ.

बाटलीचं झाकण सकाळी सापडलं,
माझ्या उशीखाली.