सी यू लेटर

लेतेब्रहान पाचव्या मजल्यावर राहायला आली,
त्याच आठवड्यात शेजारचा म्हातारा डगल
लिफ्टमधून उतरताना म्हणाला, "सी यू लेटर."
तिनं शब्दकोश उघडला. लेटर : नंतर.
नंतर म्हणजे आजच की.
तिनं तव्यावर कॉफीच्या बिया भाजल्या,
धुरानं छताचा भोंगा केकाटला,
टॉवेलनं वारा घालून तो गप्प केला,
दोन कप मांडले, दार किलकिलं ठेवलं.
तिसऱ्या फेरीला त्यांच्याकडे बेरेका म्हणतात, आशीर्वाद.
अकरा वाजता तिनं तो बेसिनमध्ये ओतला.

गुरुवारी, ग्रंथालयाच्या तळघरातल्या वर्गात
मोरागबाई हसू दाबत म्हणाल्या,
अगं, ते नुसतं म्हणायचं असतं.
तिनं वहीत आपल्या लिपीत लिहिलं :
येतो म्हणतात, आणि जातात.
त्याखाली, अंडर द वेदर : आजारी.
ग्लासगोत हवामानाच्या वर कोण राहतं,
हे विचारायचं राहून गेलं.

मग तीही म्हणू लागली.
बसवाल्याला, फार्मसीतल्या मुलीला,
केअर होममधल्या, रोज नव्यानं तिचं नाव विचारणाऱ्या बाईंना.
वाट न पाहणं
जिभेला जमलं.

मार्चमध्ये लिफ्ट बंद होती.
डगलला जिन्यानं खुर्चीतून उतरवत होते.
त्यानं तोंडावरचा मास्क सरकवला :
"जरा अंडर द वेदर, हेन. सी यू लेटर."

दोन्हींचे अर्थ तिला पाठ होते.
फक्त हेन नवा. शब्दकोश म्हणाला, कोंबडी.
कोंबडी?
हे मोरागबाईंना नाही, त्यालाच विचारायचं, तिनं ठरवलं,
आणि दोघांपुरत्या बिया
वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या.